नानांची अमेरिका आणि मागली खोली

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, आयुष्यात मुंबईच्या पुढं कधी गेले नाहीत. मुंबईलाही एकदाच गेले आणि अंगभर घामोळं घेऊन परत आले. पण अमेरिका आमच्या घरात होती. नाना कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर त्यांच्याकडं होता. तो पेपर घेणारी मुलं थोडी. बाकीचे मराठ्यांचा इतिहास घ्यायचे, कारण त्याच्या तयार नोट्स गुलमंडीच्या बाजारात मिळायच्या. नानांच्या वर्गात आम्ही सातआठ जण, त्यातली मी तर सक्तीची. नाना मूळचे वैजापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण रंगात आले की गावाकडची बोली वर यायची आणि त्यांची अमेरिका आमच्या गोदाकाठच्या गंगथडीसारखी दिसायला लागायची. फळ्यावर खडूनं नकाशा काढायचे, पूर्वेला बंदरं, मधे गवताचा सपाट मुलूख, पश्चिमेला डोंगर. "या बंदराला जहाजं लागायची," ते सांगायचे. "आयर्लंडचा माणूस, इटलीचा, पोलंडचा. गावात खायला राहिलं नाही म्हणून गाठोडं उचलून आला. कारखान्याला हात पाहिजे होते. हात पाहिजे होते, माणूस नको होता." एकदा सरकारनं पश्चिमेकडची जमीन लोकांना कसायला कशी वाटली ते सांगत होते, तेव्हा चिकलठाण्याच्या एका मुलानं विचारलं, "सर, ती जमीन मोकळीच पडली होती का?" नानांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या चिकलठाण्यात कारखाने आले, ती जमीन मोकळी पडली होती का?" वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. त्याच्या घरचं शेत त्यातच गेलं होतं.

आमचं घरही त्याच बाजूला होतं, जालना रोडपासून थोडं आत. पुढं दोन पक्क्या खोल्या, स्वयंपाकघर, मग उघडं अंगण, अंगणात एक नळ आणि पलीकडं पत्र्याची एक खोली, जिला आम्ही मागली खोली म्हणायचो. एका अंगाला ज्वारीचं रान होतं आणि दुसऱ्या अंगाला कारखाने. त्यामुळं सकाळी कुणी पाखरं हाकलतंय तेही ऐकू यायचं आणि कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसचा ठोकाही. तो ठोका कानानं कमी आणि पायांना जास्त कळायचा. मांडणीतली पितळी भांडी त्याच्याबरोबर किंचित थरथरायची. आता मी गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, भांडी स्टीलची आहेत आणि थरथरत नाहीत. तरी कधी खालून जड ट्रक गेला की हात आपोआप मांडणीकडं जातो.

नानांचा धाकटा भाऊ, दत्ताकाका, आमच्याकडंच राहायचा. दहावीला नापास झाला म्हणून आजोबांनी त्याला नानांच्या हवाली केलं होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, अंगानं काटक, रागीट आणि तितकाच हसरा. एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि पुढं वेल्डर झाला. त्याला, आणि शेडमधल्या आणखी काहींना, वेल्डिंग शिकवलं ते रामसेवकनं. रामसेवक तिकडं उत्तरेतल्या बलियाकडचा, ठेकेदाराबरोबर आलेला. काकाच एक दिवस त्याला घेऊन घरी आला आणि आईला म्हणाला, "वैनी, मागली खोली याला द्या. बायको आणि लेकरू गावाहून आणू म्हणतो. लई सरळ माणूस आहे." आईनं थोड्या भाड्यानं खोली दिली. महिन्याभरात त्याची बायको फुलमती आली, कडेवर मुन्नी नावाची वर्षाची पोर.

आई आणि फुलमतीला एकमेकींची भाषा येत नव्हती. फुलमती अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर लिट्टी, म्हणजे सातू भरलेले कणकेचे गोळे, भाजायची, मोहरीच्या तेलात भाजी परतायची. त्या तेलाचा भपकारा स्वयंपाकघरात आला की आई पदर नाकाला लावायची. "हे तेल हाय का मशीनचं वंगण?" असं ती आम्हाला विचारायची. पण मुन्नी रांगत रांगत आईच्या चुलीपाशी यायला लागली आणि सगळं बदललं. आई दुधात बाजरीची भाकरी कुस्करायची आणि तिला मांडीवर घेऊन भरवायची. फुलमती दारात उभी राहून बघायची, डोक्यावरचा पदर दातात धरून. मग एकदा आईनं येसराच्या झणझणीत आमटीची वाटी तिला दिली. फुलमतीनं ती प्यायली, डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, तरी वाटी पुन्हा पुढं केली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. संध्याकाळी काका आणि रामसेवक पाळीवरून बरोबर यायचे. नळावर हातपाय धुताना रामसेवक काहीतरी गुणगुणायचा आणि काका त्याला त्याच्याच भाषेत मुद्दाम चुकीची साथ द्यायचा.

दोघं एका शेडमध्ये, एकच काम करायचे. पण काका कंपनीचा कायम कामगार होता आणि रामसेवक ठेकेदाराचा. काकाला कामावरून काढायचं तर कंपनीला कारण द्यावं लागलं असतं. रामसेवकला "उद्यापासून येऊ नको" एवढं पुरलं असतं. हा फरक मला तेव्हा माहीत होता, पण कळलेला नव्हता.

पगारवाढीवरून बोलणी फिसकटली आणि युनियननं संप पुकारला. काका युनियनच्या कमिटीवर होता. पहिल्या दिवशी तो पांढरा सदरा घालून, छातीला लाल फीत लावून निघाला तेव्हा लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. गेटसमोर मांडव पडला. सुरुवातीला तिथं जत्राच होती. भजी, घोषणा, पत्त्यांचे डाव. रामसेवकही कामावर गेला नाही. मग एका दुपारी ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवरून आला, गाडी चालूच ठेवून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री झाकलेला एक ट्रक आमच्या वळणावर येऊन थांबला. रामसेवक मान खाली घालून गेला आणि मागच्या बाजूनं चढला. ताडपत्रीखाली आधीच माणसं होती, गेटवर दिसू नयेत म्हणून आडवी पडलेली. काका नळावर दात घासत होता. त्यानं ट्रक जाईपर्यंत बघितलं, चूळ भरली, आणि बादली अर्धी तशीच सोडून आत आला.

त्यानंतर घरातला आवाज बदलला. काका नळावर असला की फुलमती खोलीतून बाहेर पडायची नाही. रामसेवक संध्याकाळी आला की काका पुढल्या दारानं बाहेर जायचा. प्रेसचा ठोका बंद पडला होता आणि त्या शांततेत आम्ही सगळे हळू बोलायला लागलो होतो. मुन्नीला मात्र काही ठाऊक नव्हतं. ती काकाच्या पायाला येऊन बिलगायची आणि काका हात मागं बांधून उभा राहायचा, तिला उचलायचाही नाही आणि दूरही करायचा नाही. गेटवर लोक त्याला टोचायला लागले होते. "दत्तू, तू इथं घोषणा देऊ राहिला आणि घरात गद्दार पोसू राहिला." एका संध्याकाळी तो नानांना म्हणाला, "दादा, खोली खाली करून घे. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाय."

नाना म्हणाले, "बघू."

आई भाकरी थापत होती. ती न वळता म्हणाली, "तान्ह्या लेकराची आई हाय. मी नाय सांगणार. भावजी, तुमी आणलं होतं, तुमीच सांगा." काका अंगणात गेला. मागल्या खोलीचं दार उघडं होतं. तो थोडा वेळ त्या दिशेनं बघत उभा राहिला आणि परत आला. सांगितलं नाही.

याच दिवसांत नाना वर्गात रेल्वेवर आले. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ कसे टाकले, पश्चिमेकडून डोंगर फोडत येणारे मजूर बहुतेक चिनी कसे होते, आणि दोन्हीकडचे रूळ जुळले तेव्हा समारंभात त्यांना कुणी पुढं कसं बोलावलं नाही, हे सांगितलं. मग खाणींवर आले. गोऱ्या मजुरांनी संप करायचं ठरवलं की मालक चिनी मजूर घेऊन खाण चालू ठेवायचे. पश्चिमेकडच्या एका खाणीच्या गावात गोऱ्या मजुरांनी चिन्यांच्या वस्तीवर चाल केली, घरं जाळली, माणसं मारली. नाना हे आवाज न चढवता सांगत होते. मी वही मिटली. मला आमची मागली खोली दिसायला लागली होती.

मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, पण चिनी लोक संपात का नाही आले?" वर्गात मी त्यांना सरच म्हणायचे.

नाना माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं, प्रश्न कुठून आला ते त्यांना कळलं असावं. "त्यांना युनियनमध्ये घेत नव्हते," ते म्हणाले. "ज्याला तुम्ही आपला म्हणत नाही, त्यानं तुमच्यासाठी उपाशी राहावं, अशी मात्र अपेक्षा होती."

त्या संध्याकाळी जेवताना मी ते बोलून गेले. ठरवून नाही. काका गेटवरचं सांगत होता, की उद्यापासून ट्रक अडवायचा, बघू कोण आत जातंय. मी म्हटलं, "काका, तुमच्या युनियनमध्ये ठेकेदाराची माणसं घेतात का?"

"कामून?"

"घेत नसाल तर ती संपात कशी येतील?"

काकानं घास ताटात ठेवला. "हे कॉलेजातलं व्हय? पुस्तकातलं?" तो माझ्याशी बोलत होता पण नानांकडं बघत होता. "पुस्तकात बरं असतंय. माझं लग्न ठरलंय वैजापूरला. तिकडचे लोक विचारू राहिले, पोरगा कामावर हाय का घरी बसला. आमी उन्हात बसलो आणि ह्यो आत जाऊन आमचंच काम करू राहिला. त्याच्या हातातली मशीन माझी हाय." ताट तसंच ठेवून तो उठला. नाना जेवत राहिले. वर्गात इतकं बोलणारा माणूस घरात गप्प बसला याचा मला राग आला, आणि काकाची भीतीही वाटली. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

ट्रक अडवला तो दुसऱ्याच दिवशी. मी कॉलेजातून येत होते. वळणावर फुलमती उभी होती, अनवाणी, आणि आई तिला धरून होती. कुणीतरी सांगत आलं होतं की गेटवर दगडफेक झाली. आम्ही तिघी तिथंच उभ्या राहिलो. रस्त्यावरून लोक पळत येत होते, कुणाच्या हातात चपला, कुणाच्या हातात काही नाही. बऱ्याच वेळानं रामसेवक दिसला. ज्वारीच्या बांधावरून येत होता, एका हातानं डोकं दाबून धरलेलं, आणि हात कोपरापर्यंत लाल. फुलमती ओरडली नाही. तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला आणि ती खाली बसली. आईनं रामसेवकला अंगणात आणून बाजेवर बसवलं, हळद दाबली, नानांचं धुतलेलं धोतर फाडून पट्टी बांधली. मी शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी टाके घातले. रामसेवक दात आवळून बसला होता आणि मुन्नी त्याच्या पायाशी बसून त्याची चप्पल चावत होती.

डॉक्टर गेले आणि काका आला. सदऱ्याची फीत सुटून लोंबत होती. तो दारातच थांबला. बाजेवरचा माणूस बघितला, पट्टी बघितली. मला वाटलं, आता काहीतरी होणार. काका पुढं आला आणि विचारलं, "कौन मारा तेरेकू?"

"देखा नहीं भैया," रामसेवक म्हणाला. "सिर नीचे था."

काका तिथंच उकिडवा बसला. मग त्यानं बारीक आवाजात विचारलं, "संप में कायकू नहीं आया रे तू?"

रामसेवकनं मान वर केली. "आया था भैया. दूसरे दिन आया था, मांडव में. आप मेज पर बैठे थे, मेंबर बना रहे थे. मैं लाइन में खड़ा हुआ. आपने कहा, ठेके वालों को नहीं लेते, बाजू हो जा."

काकाला आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता. कितीतरी वेळ तो जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिला. मग नानांच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला, "दादा, ते चिन्यांचं काय होतं? मला नीट सांग."

भाऊ भावाला शिकवतोय असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नाना खुर्चीवर आणि काका उंबऱ्यावर. नानांनी सगळं सांगितलं. जहाजं, रेल्वे, खाणी, जाळलेली घरं, आणि पुढं चिनी मजुरांना देशात येऊच न देणारा कायदा कसा झाला ते. काका मधेच विचारायचा, "म्हंजी मालकाचं काय झालं?" नाना म्हणाले, "मालकाचं काय होणार? तो दोघांकडून काम करून घेतच होता." आईनं दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

रविवारी मांडवात सभा होती. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून आई भाकरीचं गाठोडं घेऊन गेली, आणि मी, नाना, फुलमती आणि मुन्नीही. फुलमतीला आणायचं काकानं सांगितलं होतं. ऊन तापलं होतं, मांडवाचं कापड फडफडत होतं, आणि बायकांच्या बाजूला कुणी फुलमतीसाठी सरकून जागा दिली नाही. आई आपल्या पदरावर तिला बसवून घेतल्यासारखी चिकटून बसली. युनियनचे पुढारी जगदाळे यांचं भाषण झालं. मग काका उठला. त्याच्या नावाची घोषणा झाली नव्हती. त्यानं सरळ माइक हातात घेतला.

"अमेरिकेत खाणी होत्या," त्यानं सुरुवात केली.

"आरं इथलं बोल!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. काकाचे कान लाल झाले. पण त्यानं माइक सोडला नाही. अडखळत, उलटसुलट करत त्यानं ते सांगितलं, आयर्लंडला एकदा इटली म्हणाला. मग म्हणाला, "आपण ठेकेदाराच्या लोकांला मेंबर करून घेतलं पाहिजे. आजच. त्यांची मागणी आपल्या मागणीत लिहिली पाहिजे. नाय तर त्यांनी कामून उपाशी मरायचं आपल्यासाठी?"

हसणं थांबलं. त्याच्या जागी जो आवाज आला तो मला अजून सांगता येत नाही, पुष्कळ माणसांनी एकदम श्वास घ्यावा तसा. "भाडं खातो म्हणून व्हय रे?" "गद्दाराचा वकील!" जगदाळे उठून माइक घ्यायला आले. तेवढ्यात कुणाची तरी नजर रस्त्यापलीकडं गेली. पानटपरीपाशी रामसेवक उभा होता, डोक्याला पांढरी पट्टी. त्यालाही काकानंच बोलावलं होतं. "तो बघा, तो बघा," असं झालं आणि माणसं उठली. खुर्च्या पडल्या. फुलमतीनं माझा हात धरला, तिची नखं रुतली. पंचवीसतीस जण टपरीभोवती झाले, पुढं सुभान नावाचा एक धिप्पाड कामगार, हातात मांडवाचा वासा. रामसेवक पळाला नाही. पळायला जागाही नव्हती.

काका स्टेजवरून उडी मारून गर्दीत घुसला. आम्हाला तो दिसेना. आई उठली, मुन्नीला कडेवर घेतलं आणि सरळ त्या गर्दीकडं चालायला लागली. नाना तिच्या मागं. मी आईला इतक्या जोरात चालताना त्याआधी किंवा त्यानंतर बघितलं नाही. बाई आणि लेकरू बघून माणसं बाजूला झाली. मधे काका होता, रामसेवकचं मनगट धरून, आणि समोर वासा उगारलेला सुभान.

"सुभान्या," काका धापा टाकत म्हणाला, "तुला वेल्डिंग कुणी शिकवलं?"

सुभानचा वासा वरच होता.

"सांग ना. कंपनीनं शिकवलं? का जगदाळे सायबानं शिकवलं?"

मुन्नी बापाला बघून हात पुढं करून झेपावायला लागली. आईला ती आवरेना. शेवटी रामसेवकनं काकाच्या हातातून आपलं मनगट सोडवलं आणि तिला घेतलं. पोरीला घेऊन उभ्या असलेल्या माणसावर वासा कसा मारायचा? सुभाननं तो हळूहळू खाली घेतला आणि टपरीला टेकवून ठेवला. नाना त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले होते.

माइकवरून जगदाळ्यांचा आवाज आला, सगळ्यांनी बसून घ्यावं म्हणून. मग ते म्हणाले, ठेकेदाराचे कामगार उद्यापासून आत गेले नाहीत तर त्यांच्या मागणीचा विचार करू. काका घरी आला तो जिंकल्यासारखा. नाना म्हणाले, "विचार करू म्हणाले दत्तू. करतो म्हणाले नाहीत." काकानं ऐकलं नाही.

दुसऱ्या सकाळी ट्रक आला आणि हॉर्न वाजवत थांबला. रामसेवक खोलीच्या दारात उभा होता, आम्ही स्वयंपाकघराच्या. फुलमती त्याच्या तोंडाकडं बघत होती. हॉर्न पुन्हा वाजला. काका नळावर होता, पाठमोरा, नळ चालू आणि बादली वाहून चाललेली. रामसेवक गेला नाही. ट्रक निघून गेला. पुढं कळलं, त्या दिवशी आणखीही पुष्कळ जण चढले नाहीत.

मग कंपनीचं काम खरोखर अडलं, आणि काही आठवड्यांत तडजोड झाली. काका गुलालानं माखून आला, हातात पेढ्यांचा पुडा. पण पुडा त्यानं उघडलाच नाही. आईनं काय झालं विचारलं तेव्हा म्हणाला, पगार वाढला, सगळे कायम कामगार परत घेणार. ठेकेदाराच्या लोकांबद्दल करारात एक ओळ नाही. जे ट्रकमध्ये चढले नाहीत त्यांच्या जागी ठेकेदारानं आता नवी माणसं ठरवली होती. हे सांगताना त्याच्या तोंडावरचा गुलाल घामानं ओघळत होता. रामसेवक अंगणात मुन्नीला आंघोळ घालत होता. त्याला ते ऐकू गेलं. तो पाणी ओतत राहिला.

सगळे कामावर गेले, काका गेला नाही. गेटसमोरचा मांडव काढून नेला होता, तिथल्या उघड्या जागेत एका दगडावर जाऊन बसला. रामसेवकला घेतल्याशिवाय आत जाणार नाही म्हणाला. पहिल्या दिवशी काहीजण येऊन समजावून गेले. दुसऱ्या दिवसापासून लोक दुसरीकडं बघत आत जायला लागले. जगदाळे स्कूटरवरून आले आणि म्हणाले, उद्यापर्यंत हजर झाला नाहीस तर हजेरीपटावरून तुझं नाव काढतील, मला काही करता येणार नाही. काका घरी जेवत नव्हता म्हणून आईनं माझ्याकडं डबा दिला. अंगणातून निघताना रामसेवक म्हणाला, "बिटिया, रुको. मैं भी चलता हूँ."

काकानं डबा घेतला नाही. रामसेवक त्याच्यासमोर उभा राहिला. "भैया, अंदर जाओ."

"तू चूप बैठ."

"हम दोनों बाहर बैठेंगे तो किसका भला होगा?"

"मैं तेरेकू बाहर निकाला. मेरी बात सुनके तू ट्रक में नहीं बैठा."

"आपकी बात सुनके नहीं," रामसेवक म्हणाला. "मैं बच्चा हूँ क्या? मुझे ठीक लगा इसलिए नहीं गया." पहिल्यांदाच मी त्याच्या आवाजात राग ऐकला. "अब आप मेरे नाम पर भूखे मत बैठो. मुझे वो बोझ नहीं चाहिए."

काका रडायला लागला. भर दुपारी, गेटसमोर, पहारेकऱ्यांच्या देखत. रामसेवकनं त्याला दंडाला धरून उठवलं, पाठीवरची माती झटकली, आणि गेटपर्यंत चालत नेलं. पहारेकऱ्यानं काकासाठी छोटं दार उघडलं. रामसेवक तिथंच थांबला. काका आत गेला, दोन पावलांवर वळला, पण तोवर दार लागलं होतं.

आम्ही दोघं डबा घेऊन परत निघालो. ज्वारीच्या बांधाशी आल्यावर त्यानं विचारलं, "मास्टरजी जो बताते हैं, अमरीका के वो चीनी लोग. उनका फिर क्या हुआ?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. कायदा झाला, नवे लोक येणं बंद झालं, पुष्कळ परत गेले.

"सब चले गए?"

"सगळे नाही," मी म्हटलं. "काही राहिले. कुणी लोकांचे कपडे धुतले, कुणी खानावळी काढल्या. आजही मोठमोठ्या शहरांत त्यांच्या वस्त्या आहेत."

तो थोडं चालला. "रह गए," स्वतःशीच म्हणाला, आणि डबा माझ्या हातातून घेतला.

त्याच आठवड्यात ते सुरतेला निघाले. रामसेवकच्या गावचा कुणी तिकडं होता. आईनं प्रवासासाठी धपाटे करून दिले. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो, काकानं ट्रंक खांद्यावर घेतली. डब्यात जागा धरली, ट्रंक बाकाखाली सरकवली, आणि मग तो खिडकीबाहेरून आणि रामसेवक आतून एकमेकांकडं बघत उभे राहिले. गाडी उशिरा होती. शेवटी रामसेवकच म्हणाला, "भैया, जाओ. सेकंड शिफ्ट है आपकी." काका नाही म्हणाला, थांबतो म्हणाला. पण कामावर परत घेतल्यावरचा पहिलाच आठवडा होता, उशिरा गेला असता तर पुन्हा सगळं उकरून काढलं असतं. त्यानं मुन्नीच्या डोक्यावर हात ठेवला, आमच्या मागं खांबापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग सायकलकडं गेला. तो गेला आणि थोड्याच वेळात शिट्टी झाली. फुलमतीनं मुन्नीचा हात धरून खिडकीतून हलवला, आम्हाला तिघांना, आणि मग आमच्या मागं, काका ज्या खांबापाशी उभा होता तिकडं. तिला वाटलं, तो अजून तिथंच आहे.